पिंजण खात्यातली रिकामी जागा

आमच्या कोंडीराममामांना नेमका कोणता आजार झाला आहे, यावर चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत चार डॉक्टरांची चार मतं झाली होती. मामांचं स्वतःचं मत एवढंच होतं की श्वास पुरत नाही. पण मामा डॉक्टर नव्हते, त्यामुळे ते कुणी धरलं नाही.

मामा उरवड्याला दोरीच्या कंपनीत पिंजण खात्यात होते. दोरी म्हणजे सुतळी नव्हे. परदेशातून पोत्यांत भरून ॲस्बेस्टॉस यायचं, त्याला सगळे दगडी कापूस म्हणायचे. तो पिंजायचा, त्याचं सूत काढायचं आणि आगीत न जळणारी दोरी वळायची. ती बॉयलरला गुंडाळत. पिंजण खात्यात हवा कमी आणि कापूस जास्त. पाळी सुटली की आतून पांढऱ्या केसांची, पांढऱ्या भुवयांची म्हातारी माणसं बाहेर पडत आणि नळावर तोंड धुतलं की तरुण होत. कंपनीत खाती पुष्कळ होती. पिंजणात मात्र सगळी आमच्या बौद्धवाड्यातलीच माणसं कशी काय जमली, याचं शास्त्रीय कारण अजून सापडलेलं नाही.

पहिलं मत कंपनीचे डॉक्टर किर्पेकर यांचं. ते म्हणाले, बिडी.

"मी बिडी वडत न्हाई सायेब," मामा म्हणाले. "तंबाकू खातो."

"ओढत नाही म्हणणारे चोरून ओढतात."

दुसरं मत सरकारी दवाखान्याचं. त्यांनी टीबी सांगितला आणि मामांना बसता येईना इतकी इंजेक्शनं दिली. टीबी काही गेला नाही, कारण तो आलेलाच नव्हता. तिसरे एक मुंबईचे तज्ज्ञ; आले सगळ्यांच्या शेवटी, ते पुढं येतीलच. त्यांच्या मते हा चुलीचा धूर. "हे चुलीपाशी जात्यात कवा?" मामीनं विचारलं. तर म्हणे, भाकरी खायला बसतात ना? चौथे पुण्यातले छातीचे डॉक्टर. त्यांनी आधी मामांची फुगलेली नखं पाहिली, मग पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. वाळलेल्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसं आत वाजत होतं. म्हणाले, हा कामाचा आजार आहे. ती धूळ फुफ्फुसात रुतून बसलीय, आता निघायची नाही.

तोवर कंपनीनं मामांना 'प्रकृतीच्या कारणास्तव' घरी बसवलं होतं. आजार कामाचा ठरला तर कंपनीनं भरपाई द्यायची. बिडीचा, चुलीचा किंवा देवाचा ठरला, तर मामांनी खोकावं आणि घरच्यांनी बघावं. चौथ्या मतावर आमच्या वाल्मीक वकिलांनी पुण्यात दावा लावला. कंपनीनं उत्तर दिलं की एका डॉक्टरच्या मताला काय अर्थ आहे, आम्ही शास्त्रीय पुरावा आणतो.

आणि त्यांनी खरंच आणला.

मुंबईच्या तज्ज्ञांची योजना साधी होती. कंपनीतल्या माणसांच्या छातीचे फोटो काढायचे, कंपनीशी संबंध नसलेल्या गावकऱ्यांच्या छातीचे काढायचे, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. फोटोचं मशीन बसवलेली गाडी शाळेपुढं येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी गावात दवंडी फिरली: जे कंपनीत कामाला नाहीत त्यांनी छातीचा फोटो काढायला यावं, फुकट आहे.

या शेवटच्या शब्दानं विज्ञानाचा घात केला. डॉक्टरची फुकट गाडी आली तर तिच्यापुढं धडधाकट माणसानं उभं राहायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आजाऱ्याचा नंबर कशाला अडवा? साळूबाई फोटो काढायचा म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. डोक्यावर मोळी घेऊन घाट चढणारी बाई. तिला बायकांनी रांगेतून ओढून काढलं.

"तुला काय धाड भरलीया? सोपानाच्या आईला हुबी ऱ्हाऊ दे. रातभर खोकतीया ती."

"पन फोटू निघतोय की!"

"आगं, आतला निघतोय. लुगडं दिसत न्हाई त्यात."

साळूबाई घरी गेली. गावातली जी म्हणून धडधाकट माणसं होती ती अशीच शहाणपणानं घरी गेली. उरली ती धापा टाकणारी. पिरंगुटहून आली, लवळ्याहून आली, लेकींच्या सासरची आली. एका म्हाताऱ्याला बाजेसकट बैलगाडीत घालून आणलं होतं. एकाचा गुडघा दुखत होता. गुडघ्याचा फोटो निघत नाही म्हटल्यावर तो छातीचा काढून गेला, आलोच आहे तर म्हणून.

याच रांगेत पिंजण खात्यातून घरी बसवलेली माणसं होती. मामा होते, त्यांच्या मागं भिवाजी होता. टेबलावरच्या कंपाउंडरनं विचारलं, "कंपनीत आहात?"

"न्हाई," मामा म्हणाले. ते खरंच होतं. कंपनीनंच तशी व्यवस्था केली होती.

"गावकरी. पुढं चला."

कंपनीतल्या माणसांची रांग दुसऱ्या बाजूला. जे फार खोकत होते ते आधीच कमी केलेले. जे थोडं खोकत होते त्यांनी, दिसलो तर आपणही कमी होऊ, म्हणून त्या दिवशी रजा टाकली. उरलेली पोरं मल्लासारखी छाती काढून मशीनपुढं उभी राहिली.

अहवाल इंग्रजीत आला. माझं बी.एस्सी. तेव्हा दोन विषयांत अडकून पडलं होतं, पण वाड्यात तेवढंही इंग्रजी दुसऱ्या कुणाला नव्हतं. मी वाचून सांगितलं. कंपनीतल्या कामगारांच्या छात्या गावकऱ्यांपेक्षा पुष्कळच निरोगी आढळल्या. सबब धुळीचा आणि आजाराचा संबंध सिद्ध होत नाही. गावातला आजार चुलीच्या धुरामुळे असावा. आणि शेवटी एक वाक्य: कंपनीतलं वातावरण आरोग्याला उपकारक असण्याची शक्यताही नाकारता येत नाही.

पुढच्या तारखेला वाल्मीक वकील उठून म्हणाले, "साहेब, ज्यांच्या आजाराचा हा दावा आहे त्या कोंडीरामांनाच यांनी गावकऱ्यांत मोजलंय! म्हणजे याच माणसाच्या छातीवरून यांनी सिद्ध केलं की या माणसाला कंपनीमुळे काही झालं नाही."

तज्ज्ञ शांतपणे म्हणाले की फोटोंवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. नावं गुप्त ठेवणं हाच शास्त्राचा नियम आहे. यातली कुठली छाती कोंडीरामची हे आता देवालाही सांगता यायचं नाही. आणि एखादा माणूस इकडचा तिकडं झाला तरी निष्कर्ष बदलत नाही. शास्त्रात एक माणूस म्हणजे काहीच नाही.

"मला एकच हाय," मामी मागून म्हणाली.

"बाई, खाली बसा," सुनावणीचे साहेब म्हणाले.

माझी ही अनुसयामामी. खाली बसा म्हटलं की ती खाली बसते, पण त्याचा काही उपयोग होत नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "ते परत वाच. शेवटचं."

मी वाचलं.

"म्हंजे कंपनीतली मानसं गावातल्यापरीस बरी हायेत?"

"असं लिहिलंय."

"लिवनाराला अक्कल हाय?"

"लंडनला शिकून आलेत ते."

"मंग खरंच आसंल." तिनं पदर खोचला. "मंग ह्यांना परत कामाव घ्या म्हनावं. तितल्या हवंत बरं व्हत्याल."

बाजेवरून मामा उठून बसले. "आगं ये... मला न्हाई जायाचं."

"तुमाला कोन इचारतंय? आजारी मानसाला इचारून औशीद देत न्हाईत."

मला वाटलं, चिडून बोलतेय. पण सकाळी ती वाड्यातल्या बायका घेऊन कंपनीच्या गेटवर हजर. वॉचमन दामू आमच्यातलाच, त्याची पंचाईत झाली.

"मामी, काय काम हाय?"

"ह्यांना कामाव लावायचंय. औशीद म्हनून."

"आसं कुटं आसतं व्हय?"

"तुमच्या सायबानंच लिवलंय. इंग्रजीत."

साळूबाईही आली होती. म्हणाली, माजं बी गुडघं धरल्यात, मला बी चार दिस आत ठिवा, बगू फरक पडतोय का. दामू आत जाऊन आला आणि म्हणाला, मोठे साहेब गावाला गेलेत. मोठ्या साहेबांची मोटार त्याच्या मागंच उभी होती. मग एक कारकून आला आणि जागा रिकामी नाही असं सांगून पळाला.

वाल्मीक वकिलांना हे कळलं तेव्हा ते स्कूटरवरून तडक वाड्यात आले. "जयभीम" म्हणायच्या आधीच बोलायला लागले.

"मामी, आपण भरपाई मागतोय. नोकरी मागितली की माणूस काम करू शकतो असा अर्थ निघतो. दावाच गेला!"

"दावा ऱ्हायलाय कुटं? त्यो लंडनवाल्यानं खाल्ला न्हवं?"

"दुसरे तज्ज्ञ आणू. वेळ लागेल, पण आणू."

"त्यो बी आकडंच मोजनार. मला पुढच्या तारखेला बोलू द्या."

"आणि ते हो म्हणाले तर? उद्यापासून पाठवा म्हणाले तर?"

"म्हनू द्या."

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर छताकडं पाहिलं. छताला ॲस्बेस्टॉसचे पत्रे होते, म्हणून मग जमिनीकडं पाहिलं.

तारखेपर्यंत वकील दोनदा आले, मामांनी तिच्याशी बोलणं सोडलं, माझ्या आईनं तिला येड लागलंय असं जाहीर केलं. मामी भाकऱ्या थापत राहिली. मधे भिवाजी गेला. त्याला पोचवून आल्यावर तरी ती नाद सोडील असं सगळ्यांना वाटलं. ती मला म्हणाली, "तारीख तीच हाय न्हवं?"

सुनावणीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मामा थांबत आणि भिंतीवर काय लिहिलंय ते वाचत. 'येथे थुंकू नये' ही पाटी त्यांनी एवढा वेळ वाचली की एक शिपाई त्यांना अर्थ सांगायला आला.

आत साहेब, त्यांच्या शेजारी टाइपरायटरवर एक बाई, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील, तज्ज्ञ आणि डॉक्टर किर्पेकर. वाल्मीक वकील उठले आणि मरगळल्या आवाजात म्हणाले, अर्जदाराच्या पत्नीला दोन शब्द बोलायचेत.

मामी उभी राहिली. "सायेब, आमाला भरपाई नको."

वाल्मीक वकिलांनी डोळे मिटले.

"हे सायेब म्हनत्यात, कंपनीत गेल्याव छाती बरी ऱ्हाती. आमी अडानी, आमाला ठावं न्हवतं. आता ठावं झालं. ह्यांना परत घ्या. पिंजनातच घ्या, तितं कापूस जास्ती आसतो."

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, तुम्ही चेष्टा करताय का?"

"न्हाई सायेब. चेष्टा मी न्हाई केलेली."

कंपनीचे वकील उभे राहिले. जागा रिकामी नाही म्हणाले.

"हाय की," मामी म्हणाली. "भिवाजीची. त्याला बी तुमी घरी बशिवलं, त्याच्या जागंव कुनालाच घेतलं न्हाई. आता त्यो काय मागारी याचा न्हाई. त्याच्या मशिनीव ह्यांना घ्या."

कंपनीचे वकील खाली वाकले आणि तज्ज्ञांशी कुजबुजले. मग सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. हिशेब सोपा होता. भरपाई द्यायला नको, खटला संपला, वर कंपनीचं मन किती मोठं. ते म्हणाले, "साहेब, माणुसकीच्या नात्यानं कंपनीला हे मान्य आहे. अर्जदारानं दावा मागं घ्यावा, सोमवारपासून पिंजण खात्यात रुजू व्हावं."

म्हणजे ते हो म्हणाले.

मी मामांकडं पाहिलं. मामा बाकाची कड धरून बसले होते आणि त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. वाल्मीक वकील अर्धवट उठलेले, ना उभे ना बसलेले. मामी हलली नाही. ती साहेबांकडं बघतही नव्हती. ती समोर, कंपनीच्या बाकाकडं, डॉक्टर किर्पेकरांकडं बघत होती. नुसती बघत होती.

"अर्जदाराला मान्य आहे?" साहेबांनी विचारलं.

"हाय," मामी म्हणाली. "सोमवारी धाडते."

साहेबांनी टाइपवाल्या बाईंना खूण केली. टाइपरायटर सुरू झाला.

"थांबा," किर्पेकर म्हणाले.

कंपनीच्या वकिलांनी त्यांचा कोट खाली ओढला. कोट खाली गेला, डॉक्टर उभेच राहिले. हा माणूस बरीच वर्षं मामांची छाती तपासत होता आणि दर वेळी बिडी लिहीत होता. पण नळी तर त्याच्याच कानात असायची.

"पिंजणात नको," ते म्हणाले. "बागेत घ्या. गेटवर बसवा. पिंजणात नाही."

"का?" साहेब म्हणाले.

"त्यांना सोसायचं नाही."

"काय सोसायचं नाही? डॉक्टर, हवा उपकारक असू शकते असं तुमच्याच बाजूचा अहवाल म्हणतो."

"साहेब, डॉक्टरांना सर्वसाधारणपणे असं म्हणायचंय..." कंपनीचे वकील.

"मी त्यांना विचारतोय. पिंजणात गेले तर काय होईल?"

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि कशालाच लावला नाही. "मरतील," ते म्हणाले. "दिवाळी बघायचे नाहीत."

"कशानं? बिडीनं?"

"...धुळीनं."

टाइपरायटर वाजला. आता कंपनीचे वकील टाइपवाल्या बाईंकडं अशा नजरेनं बघत होते की त्या मशीनलाच कामावरून कमी करावं. ते घाईनं म्हणाले, डॉक्टरांना कुठलीही धूळ म्हणायचंय, रस्त्याची, पिठाची. साहेब म्हणाले, पिठाच्या गिरणीचा प्रस्ताव असेल तर तसं लेखी द्या. तज्ज्ञ उठले आणि म्हणाले की एका डॉक्टरच्या अशा वैयक्तिक मतानं निष्कर्ष बदलत नाही, शास्त्रीयदृष्ट्या प्रश्न अजून खुला आहे. साहेब म्हणाले, राहू दे खुला. मला एवढंच कळतं की ज्या धुळीनं याला काही झालं नाही म्हणता, तिच्यात याला परत पाठवायला तुमचाच डॉक्टर तयार नाही.

"बाई, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"न्हाई," मामी म्हणाली, आणि पहिल्यांदाच न सांगता खाली बसली. तिचा हात मी धरला तर गार होता, धुणं धुऊन आल्यासारखा.

एस्टी स्टँडवर मामांनी कितीतरी दिवसांनी तिच्याशी तोंड उघडलं.

"आन त्यो डॉक्टर गप बसला असता तर?"

"तर दावा बुडला आसता. आन सोमवारी मी उंबऱ्याव आडवी पडले आसते. तुमाला कोन जाऊ देत हुतं?"

"मंग सोमवारी धाडते म्हनालीस त्ये?"

"खोटं बोलले," मामी म्हणाली. "समदेच बोलत हुते, मी बी बोलले. ह्ये घ्या, पानी प्या."

निकाल पावसाळा सरताना लागला. आजार कामाचा धरला, भरपाई मंजूर झाली. शास्त्रज्ञांच्या वादात आपण पडत नाही, असंही साहेबांनी लिहिलं. कंपनीनं लगेच वरच्या कोर्टात अपील केलं, तज्ज्ञांनी आणखी मोठ्या पाहणीची तयारी सुरू केली, आणि डॉक्टर किर्पेकरांची त्या कंपनीला गरज उरली नाही. अपील अजून पडून आहे. मामा दारात बसून असतात. तब्येत विचारली तर सांगतात, "कामाचा आजार हाय," जरा ताठ बसून, नेमणूक झाल्यासारखं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भिवाजीची बायको रंभाबाई आली. दारातच उभी राहिली. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि म्हणाली, "अनुसयाबाय, माजं बी काय व्हईल का?"

मामीनं तिला आत घेतलं, चहा टाकला, मला कागद आणि पेन आणायला सांगितलं. मग दोघी चुलीपुढं बसल्या.

"भिवाजीला परत कामाव घ्या आसं काय म्हनता याचं न्हाई," मामी विचार करत म्हणाली. "दुसरं कायतरी काडू."